इन्स्पेक्टर त्रिकार आणि तांब्याची पातेली

आधीच सांगून ठेवतो, यातल्या एका शब्दावरही तुमचा विश्वास बसणार नाही. पाद्रीबाबांना सांगून पाहिलं, ते हसले आणि मग हसल्याबद्दल त्यांनी देवाची क्षमा मागितली. वकिलाला सांगितलं, तो म्हणाला, हे कोर्टात बोलू नकोस, आत टाकतील. तेव्हा पेले भरून घ्या, खुर्च्या पुढे ओढा आणि मध्ये तोंड घालू नका.

इन्स्पेक्टर ओनेझिम त्रिकार पॅरिसजवळच्या नोजाँच्या ठाण्यातून निवृत्त झाला, त्या दिवशी मार्न नदीच्या दोन्ही काठांवरच्या चोरांनी चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्या म्हणतात. दुःखानं. असा इन्स्पेक्टर पुन्हा मिळणार नव्हता.

बोलताना समोरच्या माणसाच्या कोटाचं बटण धरायची त्याला सवय होती. बोलणं रंगलं की बटण पिळलं जाई, आणि संपलं की ते त्याच्या हातात येई. ठाण्यात आलेला माणूस खोटं बोलून सुटायचा, पण बटणासकट कधी सुटला नाही. ढकलायचं दार तो ओढायचा आणि ओढायचं दार ढकलायचा. आणि गुन्हा कुठलाही असो, डोळे मिटून, नाक वर करून म्हणायचा, "पाण्यासारखं स्वच्छ आहे." मार्नचं गढूळ पाणी ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वाक्य अगदी पटेल.

पण हे सगळं लोकांना दिसायचं. त्याला स्वतःला जे दिसायचं ते वेगळं होतं. रस्त्यानं जाताना खाटीक सुरी खाली ठेवून नमस्कार करायचा, पाववालीचा आवाज आपोआप खाली यायचा, आणि घरी मादाम ओर्तांस शेजारणींना सांगायची, "आमच्या ह्यांची नजर चुकवून नोजाँत मांजरसुद्धा दूध पीत नाही." त्याची सगळी मिळकत ही एवढीच होती. येत्या चौदा जुलैला, राष्ट्रीय सणाच्या दिवशी, नगराध्यक्ष त्याच्या छातीवर पदक लावणार होते, आणि ओर्तांसनं त्यासाठी काळा कोट आधीच धुवायला टाकला होता.

अशा माणसाच्या दारात एक दिवस सेगोन नावाचा दिग्दर्शक उभा राहिला. नदीपलीकडच्या स्टुडिओत एका गुप्तहेरावरचा सिनेमा निघणार होता.

"पोलिसांचं काम पडद्यावर कसं दिसावं, ते आम्हाला काय कळणार," सेगोन म्हणाला. "सल्लागार हवा. खरा माणूस हवा."

"विनोदी आहे का?" त्रिकारनं त्याचं बटण धरून विचारलं.

"छे. मानवी आहे," सेगोन म्हणाला आणि बटण मागे ठेवून गेला.

पहिल्याच दिवशी त्रिकारची अब्रू एका शब्दानं गेली. स्टुडिओत शिरल्या शिरल्या त्यानं वर पाहिलं. छताखाली फळ्यांचा माच होता, तिथून पडदे, दिवे, अख्ख्या भिंती लटकवलेल्या होत्या. त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सल्ला दिला, "ही दोरी जुनी झालीय."

हातोडे थांबले. दिवे विझले. रंगारी ब्रश टाकून उतरला. आता तुम्ही नाटका-सिनेमातले नसाल, तर तुम्हालाही यात काही वावगं दिसणार नाही. पण मंचावर तो शब्द उच्चारायचा नसतो. धागा म्हणा, शेपूट म्हणा, काय वाटेल ते म्हणा. पूर्वी पडदे ओढायला खलाशी असत. त्यांच्या जहाजावर तो शब्द फक्त फाशीच्या वेळी उच्चारत, तेव्हापासूनची ही रीत. जो बोलेल त्यानं तिथल्या तिथे, सगळं काम टाकून, सगळ्यांना पाजायचं. पेला रिकामा होईपर्यंत कुणी आत पाऊल टाकायचं नाही, नाहीतर कुणाचा तरी जीव जातो.

"चला," माचावरच्या गड्यांचा मुकादम फिर्मँ खाली उतरत म्हणाला. हा माणूस कपाटाएवढा रुंद. "इन्स्पेक्टरसाहेबांना तहान लागलीय."

"पण दोरीला दोरी नाही म्हणायचं तर..."

"आणखी दोन पेले झाले," फिर्मँ म्हणाला.

त्या आठवड्यात त्रिकारनं इतक्यांदा पाजलं की समोरच्या खानावळवाल्यानं नवा पत्रा घातला छतावर. पोलिसाच्या तोंडातून तो शब्द निघणारच. उभ्या आयुष्यात दोनच गोष्टी त्यानं पुरावा म्हणून जप्त केल्या होत्या, एक बटणं आणि दुसरी ती.

त्या दिवसांत त्याच्याशी गोड बोलणारा एकच माणूस होता, तो म्हणजे सिनेमाचा नायक, फाबियाँ लोर्मेल. पिंजऱ्यातल्या बगळ्यासारखा उंच, आणि गुडघे असे की पुढेही वाकत आणि मागेही. रोज दुपारच्या जेवणाला तो त्रिकारला शेजारी बसवायचा, पांढरी वाइन ओतायचा, "अहो दादा, मग पुढं काय झालं?" विचारायचा, आणि बटण पिळून घ्यायचा. त्रिकार खुलला. निवृत्त माणसाला ऐकणारा भेटला की तो पोटातलं काढून देतो. एका दुपारी, तिसऱ्या बाटलीपाशी, ओर्तांसच्या जिवाची शपथ घालून त्यानं लोर्मेलला ती गोष्ट सांगितली.

लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात तो सासरी मुक्कामाला होता. पहाटे कोठीघरात खुडबुड झाली. त्रिकार उठला, अंधारात चोर धरला, टांगलेली खारवलेली डुकराची मांडी काढून त्याच्या टाळक्यात घातली, सॉसेजच्या माळेनं हातपाय बांधले, तोंडात चीजचा गोळा कोंबला आणि "पाण्यासारखं स्वच्छ आहे" म्हणून उजाडेपर्यंत त्याच्या छातीवर बसून राहिला. उजाडल्यावर कळलं की तो सासरा होता. म्हाताऱ्याला पहाटे भूक लागायची.

"मग?" लोर्मेलनं विचारलं.

"मग काय. म्हातारा बेशुद्ध होता. मी खिडकी फोडली आणि बोंब मारली की चोर पळाला. ओर्तांस आजही सांगत असते, बाबांना मारणाऱ्याच्या मागे आमचे हे उघड्या पायांनी बर्फातून धावले." त्रिकारनं घोट घेतला. "म्हातारा पुढच्या हिवाळ्यात गेला. डोकं शेवटपर्यंत दुखायचं त्याचं."

लोर्मेल हसला नाही. त्यानं फक्त पेला भरला. तेव्हाच त्रिकारनं ओळखायला हवं होतं. पण ओळखणं हा त्याचा प्रांत नव्हता.

मग एका शनिवारी झालेलं चित्रण पाहायला सगळे अंधाऱ्या खोलीत बसले, आणि दाराशी तिष्ठत उभ्या असलेल्या त्रिकारला आपणही पाहावंसं वाटलं. त्यानं दार ढकललं. मग ओढलं. आत शिरला, तर पडद्यावर एक माणूस दार ढकलत होता. मग त्यानं ओढलं. त्याची टोपी तीच, मिशीचा उजवा झुपका वर तो तसाच. त्यानं एका सरदारणीच्या झग्याचं बटण धरलं, पिळलं, आणि झगा खाली आला. मग त्यानं डोळे मिटून नाक वर केलं.

"पाण्यासारखं स्वच्छ आहे," पडद्यावरचा माणूस म्हणाला, आणि अख्खी खोली हसून हसून खुर्च्यांवरून खाली पडायला आली.

त्रिकारला घाम फुटला तो नंतर. आधी, खरं सांगायचं तर, तोही हसला होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं सेगोनला गाठलं. सेगोनच्या कोटाला एव्हाना एकच बटण उरलं होतं आणि त्यावर त्यानं हात ठेवला होता.

"तुम्ही मला सल्ल्यासाठी आणलं होतं," त्रिकार म्हणाला.

"घेतोय की. डोळ्यांनी घेतोय."

"हे सगळं काढून टाका."

"काय काढू? दार? मिशी? साहेब, तुम्हाला काढलं तर सिनेमात उरतं काय?"

लोर्मेल आरशापुढे बसून मिशी चिकटवत होता. त्यानं मागं न पाहताच आरशातून उत्तर दिलं.

"चालण्यावर काही तुमच्या बापाचा शिक्का नाही मारलेला, दादा. आणि तुमच्यासारखं चालणं सोपं नाही. रात्री पाय शेकतो मी. तुम्ही कधी शेकता?"

"मी तुला मित्र समजून सांगितलं सगळं."

"म्हणून तर नीट लक्षात राहिलं." मग तो वळला. "कोठीघराचा प्रसंग या नाही, पुढच्या बुधवारी आहे. सॉसेजची ऑर्डर गेलीय. मांडी मात्र कापसाची घेणार, मी काही तुमच्यासारखा राक्षस नाही."

त्रिकारच्या डोळ्यांपुढे ओर्तांस आली. तिला सिनेमाचं वेड, दर रविवारी पुढची जागा. पडद्यावर मिशी, टोपी, कोठीघर, नाताळ, सॉसेज. तिला कळायला निमिषही लागणार नव्हतं. नोजाँनं हसावं, नगराध्यक्षांनी पदक परत पेटीत घालावं, ते एकवेळ गिळता आलं असतं. पण ओर्तांस शेजारणींना काय सांगणार होती? आणि त्याला काय सांगणार होती?

त्या दिवसापासून लढाई जुंपली. त्रिकारनं स्वतःसारखं चालायचं सोडलं. त्यानं मिशी उतरवली, हात खिशात घातले, दारांपासून लांब राहिला. लोर्मेलनं तेही उचललं. आपल्याला कुणी ओळखू नये म्हणून धडपडणारा गुप्तहेर, हा प्रसंग मुळात लिहिलेलाच नव्हता. सेगोननं त्याच दुपारी घेतला. त्रिकारनं रागानं लोर्मेलच्या मिशीच्या डिंकात तिखट कालवलं. लोर्मेल एवढा शिंकला की सरदाराचा टोप उडून सूपमध्ये पडला. तोही प्रसंग सिनेमात राहिला. तुम्ही या माणसाच्या वाटेत खड्डा खणा, तो त्यात पडून टाळ्या घेणार.

"आज काय आणलंय माझ्यासाठी?" लोर्मेल रोज सकाळी विचारायचा. "मोहऱ्या? उंदीर? लाजू नका, दादा. पैसे सेगोन देतो."

"तू मरशील तेव्हा मी पुढच्या रांगेत असेन," त्रिकार म्हणाला.

"दार कुठल्या बाजूला उघडतं ते विचारून या."

गडी खिदळले. फिर्मँनंसुद्धा पाठ वळवून खांदे हलवले.

ठरलेल्या बुधवारी दुपारी सगळे जेवायला गेले. आमच्याकडे जेवणाची वेळ म्हणजे जेवणाची वेळ. स्टुडिओला आग लागली असती तरी फिर्मँनं आधी चीज संपवलं असतं. मंच ओस पडला. कोठीघराच्या प्रसंगासाठी सरदाराचं स्वयंपाकघर तयार होतं. मधोमध लाकडाची भलीमोठी चौकट छताला लटकत होती, तिला तांब्याची पातेली, कढया, झारे, खऱ्या डुकराच्या मांड्या. सगळ्याचं वजन दोन घोड्यांएवढं. चौकटीचा धागा कप्पीवरून जाऊन वर माचावरच्या खुंटीला बांधलेला. आणि चौकटीच्या बरोबर खाली, जिथे लोर्मेल सासऱ्याच्या छातीवर बसणार, तिथे खडूची फुली.

त्रिकार शिडीनं वर चढला. त्याचा बेत साधा होता. जीव घ्यायचा नव्हता. गाठ जराशी सैल करायची, म्हणजे ऐन वेळी चौकट हातभर खाली घसरेल, भांडी आपटतील, सॉसेज तुटतील, दिवस फुकट जाईल. मग दुसरी चौकट करेपर्यंत चौदा जुलै उलटेल आणि तोवर काहीतरी सुचेल. पाण्यासारखं स्वच्छ होतं.

पण फिर्मँची गाठ ओढली की घट्ट व्हायची आणि ढकलली की सुटायची. त्रिकारनं आधी ओढली. मग, सवयीनं, ढकलली. ती अख्खी सुटली.

त्यानं झडप घातली. दोन्ही मनगटांना वेढे बसले, पोट खुंटीवर आपटलं, पाय माचाच्या कठड्यात अडकले, आणि इन्स्पेक्टर त्रिकार, नोजाँ ठाणे, निवृत्त, दोन घोड्यांएवढी पातेली स्वतःच्या दोन हातांवर पेलून तिथेच थांबला. सोडावं तर खालचं सगळं चक्काचूर होणार. बांधावं तर तिसरा हात नाही.

तेवढ्यात लोक जेवून आले.

दिवे लागले. सॉसेजवाला आला, सासरा झालेला म्हातारा नट फरशीवर निजला, आणि लोर्मेल त्याच्या छातीवर जाऊन बसला. वर काळोख होता. वरून खालचं सगळं दिसे, खालून वरचं काही नाही. हाक मारावी तर पोलीस येणार. जुनेच सहकारी. मोकळी गाठ, हातात धागा, आणि आठ दिवस लोर्मेल मरावा म्हणून उघड बोललेला माणूस. याचा निकाल तर खुद्द त्रिकारनंही बरोबर लावला असता. पदक राहिलं बाजूला, पुढची नाताळं तुरुंगात गेली असती.

"मिशीचा डावा झुपका पडलेला हवा," खाली लोर्मेल सेगोनला सांगत होता. "सासऱ्याला हाणताना पडतो. दादांनीच सांगितलंय. आहेत कुठं ते? त्यांनी बघायला हवं होतं हे."

"बायकोला घेऊन येतो म्हणाले असते तर खुर्ची ठेवली असती," कुणीतरी म्हणालं.

"ती पहिल्या खेळाला येणारच आहे," लोर्मेल म्हणाला. "मी तिला तिकीट पाठवलंय. पुढच्या रांगेचं."

वर त्रिकारचे पंजे काळेनिळे पडले होते. हे ऐकल्यावर त्यांच्यातलं दुखणं गेलं. आता त्याच्या मनात एक शांत, स्वच्छ विचार आला, बहुधा आयुष्यातला पहिलाच. हात उघडायचे. बस. कुणी ढकललं नाही, कुणी मारलं नाही, फक्त एका थकलेल्या म्हाताऱ्याचे हात उघडले. लोर्मेलच्या टाळूवर केस विरळ होते, ती गुलाबी टाळू बरोबर फुलीवर होती.

कॅमेरा सुरू झाला. लोर्मेलनं कापसाची मांडी उचलली, म्हाताऱ्याला हाणली, मिशीचा डावा झुपका पाडला, डोळे मिटले आणि नाक वर केलं.

"दोरी," त्रिकार ओरडला.

पुढचं वाक्य 'सुटतेय, पळा' असं होतं. ते कुणी ऐकलंच नाही. खालून जो गदारोळ उठला त्यात ते बुडालं.

"वरून?" फिर्मँनं मान उंचावली. "आता वर बसूनसुद्धा?"

"थांबा, ऐका..."

"नाही थांबणार. दोनदा ऐकलं तर दोनदा प्यावं लागतं," फिर्मँ म्हणाला आणि दाराकडे निघाला. त्याच्यामागे रंगारी, सॉसेजवाला, कॅमेऱ्याचे दोघे. बेशुद्ध सासरा उठून कपडे झटकत गेला. कुणी विचारलं नाही की हा माणूस वर काय करतोय. शब्द उच्चारला गेला होता. त्यानंतर आत थांबणारा शहाणा माणूस आमच्या धंद्यात जन्मला नाही.

लोर्मेल सगळ्यांत शेवटी उठला. त्यानं वर, काळोखाकडे पाहून कोपरापासून हात उचलला, मूठ वळली, आणि बायकामुलांत जिचं नाव घेता येत नाही ती शिवीची खूण केली. "माझ्यासाठी सगळ्यांत महागडी बाटली मागवणार, दादा," म्हणाला आणि पाठ फिरवून चालू लागला. पहिलं पाऊल. दुसरं.

त्रिकारचे हात उघडले.

चौकट फुलीवर आली तेव्हा पातेल्यांचा आवाज पॅरिसपर्यंत गेला. तिथं लोकांना वाटलं कुठल्या तरी चर्चला नवी घंटा बसली. पण मनगटांचे वेढे सुटले नव्हते. चौकट खाली, म्हणून इन्स्पेक्टर वर, कप्पीपर्यंत. तिथे डोकं ठाणकन आपटलं, वेढे निघाले, आणि मग तोही खाली आला, मांड्यांच्या, कढयांच्या ढिगावर, बसलेल्या अवस्थेत. एक पातेलं फिरत फिरत येऊन त्याच्या डोक्यावर बसलं.

कॅमेरा बंद करायचं कुणालाही सुचलं नव्हतं. सगळं फितीवर आलं: पाठमोरा लोर्मेल, त्याची ती खूण, मागं कोसळणारं स्वयंपाकघर, ढिगावर आदळणारा इन्स्पेक्टर, आणि वळूनही न पाहता बाहेर जाणारा तो. स्वयंपाकघर पुन्हा उभारायला कुणाकडे पैसा नव्हता. सासऱ्याचा प्रसंग गेला तो गेलाच, आणि त्याच्या जागी सेगोननं हाच लावला. आजही तो सिनेमा लागला की लोक तिथं खुर्चीचे हात धरतात. नोजाँत पहिल्या खेळाला ओर्तांस पुढच्या रांगेत होती. नवरा ढिगावर आदळला तेव्हा ती इतकी हसली की तिच्या शेजारच्या नगराध्यक्षांना उचकी लागली. पदक मिळालं. बाबांचं तिला कधीच कळलं नाही.

आणि त्या बुधवारी, भांड्यांचा आवाज थांबल्यावर, काय झालं माहीत आहे? लोर्मेल परत आला. दारातून धावत, ते उलटे गुडघे घेऊन. त्यानं ती फुली पाहिली, तिच्यावरचा ढीग पाहिला, आणि त्याला समजलं की त्या एका शब्दानं आपला जीव वाचवला. तो ढिगावर चढला. त्रिकारनं डोक्यावरचं पातेलं काढलं, दोन्ही हात पसरले, आणि त्या दोघा हाडवैऱ्यांनी एकमेकांना अशी कडकडून मिठी मारली की...

"कशानं मारली?"

खिडकीपाशी बसलेल्या सिदोनीबाईंनी विणकामातून डोकं वर न काढता विचारलं. स्टुडिओ होता तोवर तिथल्या दवाखान्यात नर्स होत्या त्या.

"दोन्ही मनगटं मोडली होती त्याची. त्या ढिगावर बसून मीच फळ्यांना बांधली. नाक खाजवायची सोय नव्हती त्या माणसाला, आणि म्हणे पातेलं काढलं, मिठी मारली." त्यांनी सुईवरचा टाका सरकवला. "लोर्मेल आलाच नाही परत. त्याची महागडी बाटली आली होती ना. आणि शुद्धीवर आल्यावर त्रिकारनं मला एकच विचारलं, 'मेला का तो?' मी म्हटलं, नाही. तर त्यानं तोंड फिरवलं."